मागची पट्टी

समोरच्या टॉवरला तेविसावा मजला चढला
त्या जानेवारीत माझा मोगरा गेला.
गुलाब त्याच्या आधीच. जास्वंद नुसतीच उंच होत राहिली,
टाचा उंचावून भिंतीपलीकडे बघावं तशी,
एक कळी न धरता.

वर्तकनगर, तळमजला, इमारतीची मागची पट्टी:
साडेतीन फूट रुंद, नळाच्या मोटरपासून
ड्रेनेजच्या चौथ्या झाकणापर्यंत.
ऊन येतं वीस मिनिटं,
तेही टॉवरच्या काचेकडून उसनं.

मे सरताना सोमी वांगड येऊरहून खाली येते,
बँकेच्या पायरीशी शेवळं मांडते,
बाजूला काकडांचे वाटे.
"काकडांबिगर नेऊ नको, घसा धरंल."
तिला मी सहज म्हटलं,
माझ्याकडे काहीच लागत नाही गं आता, नुसती सावली.
तिने असं पाहिलं,
जणू मी म्हणत होते, घरात नुसतं धान्यच आहे.

पुढच्या मंगळवारी फडक्यात चार कंद.
"जंगलातलं नाय हां, माझ्या बांधावरचं.
जंगलातलं उपटलं की जंगल रुसतं.
गार्डपण."
एक शेवळ्याचा, एक रानहळदीचा, एक भुईचाफ्याचा.
चौथा कशाचा, तिलाही आठवेना.
"उगवंल तवा सांगंल त्याचं त्यो."

झाडाची सावली चाळणीसारखी असते,
टॉवरची झाकणासारखी.
कंदांना हा फरक कळतो का, मला माहीत नव्हतं.
पहाटे झाडूवाल्याच्या आधी उठून
मी बदामाची, जांभळाची पानं गोळा केली,
गोणत्यात कुजवली, वर पसरली.
श्रावणात तीन पानं आली. दिवाळीपर्यंत पिवळी पडून
तीही जमिनीत परत गेली.

मग आठ महिने काही नाही.
आइसक्रीमच्या चार काड्या, तिघींवर नावं.
मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली,
आई, दफनभूमी वाटते गं.
सेक्रेटरी राऊळांनी पेव्हर ब्लॉकचं कोटेशन मागवलं.
"इथे काही लावलंय का?"
लावलंय, मी म्हणायचे,
आणि दाखवायला हाताशी काही नसायचं.
बत्तीस वर्षं मी पालिकेच्या पाणीपट्टी खात्यात होते.
थकबाकीचा मला राग येत नाही.

तिसऱ्या वर्षी, मेच्या शेवटी, जिन्यात वास.
राऊळ हातमोजे घालून मेलेला उंदीर शोधत आले.
पहिल्या मजल्यावरच्या मिसेस पिल्ले म्हणाल्या, टाकीच.
प्लंबरने चौथं झाकण उघडलं. आत सगळं ठीक.
झाकण बसवताना त्याच्या पायाशीच दिसला
वीतभर जांभळा दांडा,
ना पान, ना फांदी, सरळ मातीतून वर,
आणि भोवती माशांची ही गर्दी,
जशी जेवणावळीला.

"फूल आहे," मी म्हटलं.
राऊळ रुमालाआडून: "फूल? हे?"
मग रुमाल जरा खाली आला.
"शेवळं ना हे? आमची आई करायची. कोलंबी घालून.
पण असं उघडलेलं कधी…"
कसं बघणार? फुलायच्या आत खुडतो आपण.
ते थोडा वेळ उकिडवे बसून राहिले, हातमोज्यांसकट.

दोन दिवसांत वास गेला, दांडा कलंडला.
भुईचाफा त्याआधीच येऊन गेला होता,
एप्रिलच्या धुळीत, मातीला चिकटून,
इतका खाली, की गुडघे टेकल्याशिवाय सुगंध मिळेना.
रानहळदीने गौरींच्या आसपास गुलाबी तुरा काढला.
पेव्हर ब्लॉक पुढच्या बाजूला बसले.

चौथ्याचं काय, मी सोमीला विचारलं.
तिने काकडं मोजणं थांबवलं नाही.
"मेला असंल," म्हणाली,
"नायतर इचार करीत असंल."

कोरी काडी मी अजून काढलेली नाही.