दोरीचा खटला

न्यायाधीश म्हणाले, एकच नाव लिही.
वहीत रकाना तेवढाच होता,
माझ्या तर्जनीएवढा रुंद,
आणि त्याच्यावर, माझ्याच वळणदार अक्षरात: दोषी.

मी बोर्तोलो, कचेरीतला लेखनिक.
व्हेनिसच्या दक्षिणेला, खाजणात आमचं गाव.
मिठागरं, बगळे, आणि दोन घराणी
जी एकमेकांच्या सावलीवरूनही ओलांडून जात नाहीत.

आधी आला मारिनचा बाप.
टोपी कुठे ठेवली ते त्याला आठवत नव्हतं,
सारखा डोक्याला हात लावून बघायचा.
म्हणाला, त्या पोरीनं आमचं नाव बुडवलं.
लिहिताना माझा हात अडला.
बुडाली ती नाव तर सपाट बुडाची होती,
मिठाची पोती वाहायची,
दोन माणसांना खरं म्हणजे पुष्कळ.

मग ओर्सेट्टाची आई.
ती काहीच बोलली नाही.
मी लिहिलं: साक्षीदार काहीच बोलली नाही.

मग दासी, फियोर.
मला ठाऊक होतं, म्हणाली,
पोरीच्या चपला मीच तेलानं मऊ केल्या, वाजू नयेत म्हणून.
सांगितलं असतं तर तिला मठात कोंडली असती.
नाही सांगितलं.
आता तुम्हीच सांगा, यातलं कुठलं मी करायला हवं होतं?
न्यायाधीशांनी खिडकीबाहेर पाहिलं.
प्रश्न विचारणं हे साक्षीदाराचं काम नव्हे,
तो मी लिहिला नाही.

शेवटी घंटेवाला तोनिन, दोन काठ्या टेकत.
धुकं उतरलं की घंटा वाजवायची,
चुकलेल्या होडीला काठ कळावा म्हणून,
हा त्याच्या आज्याच्याही आधीचा रिवाज.
त्या रात्री का नाही वाजवलीस?
दोरी नाही, साहेब.
तीन वर्षं झाली तुटून.
इतके दिवस वर चढून हातोड्यानं ठोकत होतो,
एकशे चाळीस पायऱ्या,
परवा गुडघा उचलेचना.

दोरी सोळा लिरांची.
कुणी आणायची, यावर दोन घराण्यांचा दावा चालू होता.
मनोरा एकाच्या जागेत,
घंटा दुसऱ्याच्या पणज्यानं दिलेली.
कचेरीत सगळ्यांनी माना हलवल्या,
दावा सगळ्यांच्या ओळखीचा.
माझ्याइतका मात्र कुणाच्याच नाही:
दोनशे बारा पानं, पानाला चार सोल्दी.
माझ्या घरावरची नवी कौलं
त्या दोरीची आहेत.

आणि एक गोष्ट, जी मला कुणी विचारली नाही.
मागच्या वर्षी, मासे स्वस्त झाले होते त्या आठवड्यात,
दोघंही बाप थकून आले होते.
बारा तुम्ही, चार आम्ही, असं ठरत आलं होतं.
मीच खाकरलो.
म्हणालो, मागच्या अर्जात एक शब्द राहिलाय,
तो घातल्याशिवाय तडजोड टिकायची नाही.
शब्द होता ‘तूर्त’.
त्या एका शब्दावर आणखी साठ पानं निघाली.

दोन्ही घरांचं मीठ खाल्लं मी.
दोघांच्याही मिठाला जागलो.

संध्याकाळ झाली. न्यायाधीशांना भूक लागली होती.
लिही, म्हणाले: धुके.
मी लिहिलं. चांगलं आलं अक्षर.
रकान्यात थोडी जागा उरली,
तिथे मी आडवी रेघ मारली,
मागाहून कुणी काही भरू नये म्हणून.
तशी पद्धतच आहे.

तिसऱ्या दिवशी दोरी आली.
आठ लिरा त्यांनी, आठ त्यांनी.
कागद करावा लागला नाही.

आज पुन्हा धुकं आहे. तोनिनचा नातू घंटा ओढतोय,
जवान हात आहेत, थांबतच नाही.
बायको कूस बदलते. म्हणते,
सगळ्या होड्या केव्हाच काठाला लागल्या,
हा कुणाला बोलावतोय?
झोप, म्हणतो मी,
आणि वर कौलांकडे बघत राहतो.