टाकी टू टाकी

पहिली दुरुस्ती फुकट.
तेलगावच्या नाक्यावर मुबीन मिस्त्रीनं
चारी टायरं दाबून बघितली:
"म्हशीवाणी बसलीय रं तुझी पिकअप, अंकुश.
पळवायच्या आधी उठव तरी."
हवा भरली.

फिल्टर काढून दगडावर आपटला,
तर धारूरचा अख्खा घाट पडला बाहेर,
ओंजळभर.

मग फ्लेक्स.
हौदा रिकामा असला की वाऱ्याचं गोदाम होतो म्हणं.
कुणा भावी आमदाराचा सरलेला वाढदिवस
चौकातनं उतरवून आणला,
कडेनं भोकं पाडून दोरीनं आवळला,
टिचकी मारली तर वाजावा इतका.
चेहरा खालच्या अंगाला.
आता तो हात जोडून
परभणीपर्यंत सीताफळांचा वास घेतो.

घाटात मी न्यूट्रल करायचो, बापापासूनची खोड.
मुबीन पान्यासकट अंगावर आला.
"गिअरमधी उतर.
पाय काढला की हे इंजिन थेंब पीत नाही.
न्यूट्रलात पितंय.
आन् ब्रेक गेला, तर तुला पितंय."

काटा पंचावन्नवर.
काळीपिवळ्या शिव्या हासडत पुढं जातात.
सात वर्षं या रस्त्यानं जातोय,
घाटाखाली बोरीचं झाड आहे
हे मला आत्ता कळलं.

हिशेब सत्यभामाकडं.
पोरीच्या चौथीच्या वहीत, मागच्या बाजूनं:
टाकी फुल, किलोमीटर, पुन्हा टाकी फुल.
दहा पॉइंट आठ.
अकरा पॉइंट पाच.
मधेच एकदा दहा पॉइंट दोन,
त्याच्यापुढं तिच्या अक्षरात: भांडण.
खरंय, त्या दिवशी मी रागात चालवली होती.

शेवटी टपावरचं कॅरिअर.
छत्तीस किलो.
भंगारवाल्याच्या काट्यावर मोजलं, विकलं नाही.
थोरल्यानं वेल्डिंग केलेलं, चाकणला जायच्या आधी.
तिथं तो आता पट्ट्यावर उभा राहून
बिनकॅरिअरच्या गाड्या जोडतो.

बारा पॉइंट नऊ!
सत्यभामानं आकड्याला गोल केला.
खेपेमागं तीन लिटर, वर थोडं.

पण त्या कॅरिअरच्या उघड्या नळ्यांत
वारा शिट्टी घालायचा.
फाट्यावरनंच घरी कळायचं,
तवा गॅसवर जायचा,
पोर उंबऱ्यावर येऊन एका पायावर उभी.

परवा गाडी दारात लावली,
तरी दार लोटलेलंच.
उतरलो. कडी वाजवली.
"कोण?"
आतनं पोरीनं विचारलं.

सकाळी मुबीनकडं नळीचा तुकडा मागितला, वीतभर.
"कशाला?"
सांगितलं.
त्यानं कपड्यानं पुसली, तोंडाला लावली,
एकदा फुंकून बघितली,
आणि टपाच्या कोपऱ्यात दोन स्क्रूवर बसवली.
पैसे घेतले नाहीत.

आज बारा पॉइंट आठ.
सत्यभामानं लिहिलं,
पेन टोपणात घातलं,
आणि मान वर न करता म्हणाली,
"ऐकू आलं."