शनिवारसाठी एक भूत

आधी नखं दिली, मग खोडली.
दात खोडले. जळके डोळेही.
असल्यांना तौसीफ फासा टाकायच्या आधीच हसतो.

सिडकोतल्या खोलीत, चौकटीच्या वहीत
नव्याने लिहिलं:
रामकुंडात ज्याच्या अस्थी विरघळल्या नाहीत, तो.
प्राण: चाळीस. चाल: सावकाश.
हल्ला:
इथे पेन बराच वेळ थांबलं.

हल्ला करत नाही.
ओल्या पायांनी जिना चढतो,
चपला काढून जोडीने ठेवतो,
दाराबाहेरूनच विचारतो,
‘गॅस बंद केलास ना?’

शनिवारी पाच जण, मध्ये नकाशा,
चिवड्याच्या ताटलीत नुसते शेंगदाणे उरलेले.
मी ते वाक्य म्हटलं, आवाज न बदलता.
तौसीफ हसला नाही.
ऋजुताकडे चांदीची तलवार होती,
वीस बाजूंचा फासा मुठीत.
तो तिने टाकलाच नाही.
म्हणाली, ‘मी दार उघडते.’

नियमांत याला काही नव्हतं.
मी उगाच वही चाळत राहिलो.

सगळे गेल्यावर
ओट्यापाशी जाऊन आलो.
बंद होता.
‘हो,’ म्हणालो,
जिन्याकडे तोंड करून,
जरा मोठ्यानेच,
कारण शेवटी शेवटी त्यांना
कमी ऐकू यायचं.