बोपोडीच्या गच्चीवर दोडका

चौतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात लेथवर उभा होतो,
केसाएवढा फरक बोटाला कळायचा.
आता गच्चीवर रंगाचे बारा डबे,
मासळीवाल्याकडचे थर्माकोलचे तीन खोके,
आणि जुन्या वॉशिंग मशीनचा ड्रम,
भोकं आयतीच पडलेली.
इथे टॉलरन्स कुणालाच माहीत नाही.
भेंडी काल बोटाएवढी होती,
आज सुरी अडेल इतकी जून.
कोथिंबीर जेमतेम दोन बोटं वर येते
आणि लगेच फुलावर जाते,
जणू शाळेतून उठवून बोहल्यावर उभी केली.
पुदिना तेवढा पाइपाखाली निर्लज्जपणे वाढतो.

गुरुवारी पाणी बंद.
म्हणून बुधवारी बादल्या मांडतो:
तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं,
आरओच्या नळीतून टपकलेलं.
सूनबाई विचारते, अण्णा, अंघोळीचंही मोजता का?
मोजतो.
हिरवी जाळी लावली, तरी दुपारी
गच्चीवर चप्पल विसरली तर पट्टा वाकडा होतो.

त्या जाळीवर दोडका चढला.
रोज संध्याकाळी पिवळा फुलायचा.
चैत्र गेला, अर्धा वैशाख गेला,
फुलं सगळी नर.
उन्हाळा चढला की वेल असंच करतो म्हणे.
मला आमचं दोन नंबरचं शॉप आठवलं,
एकशे सात पुरुष आणि एक भोंगा.

मग एका मंगळवारी पानाआड कळी दिसली,
करंगळीएवढा दोडका पाठीशी घेऊनच आलेली.
हिशेब केला, गुरुवारी उमलणार.
सहाव्या मजल्यावर पाकोळ्या येत नाहीत,
ते काम मलाच करावं लागतं.
आणि गुरुवारी गोरज मुहूर्तावर
सासवडला भाचीचं लग्न.
काय सांगू तिला, दोडक्याची मादी फुलतेय?

खाली वॉचमनच्या खोलीत गेलो.
गयाबाई, किनवटकडची.
तिला शून्य नंबरचा ब्रश दाखवला,
पराग कुठला, कुठे लावायचा, किती हलक्या हाताने.
पदराआड हसू दाबत तिने सगळं ऐकून घेतलं.
म्हणाली, काका, याला काय शिकवायचं?
नराचं फूल खुडायचं, पाकळ्या मागे मोडायच्या,
आणि टेकवायचं.
ब्रश तिने पोराच्या दप्तरात टाकला.

लग्नात अक्षता टाकल्या, मठ्ठा प्यालो,
सहा चाळीसला घड्याळ पाहिलं.
व्याह्यांना वाटलं, पाहुण्याला निघायची घाई.
रात्री साडेअकराला टॉर्च घेऊन वर गेलो.
फूल उघडंच होतं.
देठाला लाल दोऱ्याची सैल गाठ.
आमच्याकडे लाल खूण म्हणजे रिजेक्ट.
तेवढ्यावरून रात्रभर झोप नाही.

चौथ्या दिवशी करंगळीचा अंगठा झाला.
बाराव्या दिवशी व्हर्नियर घेऊन वर गेलो
तर लावायचा कुठे तेच कळेना.
वाकडा. शिरा दहा,
त्यातली एक निम्म्यात विरून गेलेली.
वहीत फक्त तारीख लिहिली.
मधोमध कापला, अर्धा खाली दिला.

संध्याकाळी तिचा पोरगा वाटी घेऊन आला.
शिरांची चटणी. तीळ, लसूण, तिखट जरा जास्तच.
अर्ध्या दोडक्याच्या शिरा त्या किती निघणार,
त्यातलीही तिने वाटून दिली.

वाटी धुऊन दोन दिवस झाले, ओट्यावर पालथी आहे.
रिकामी परत द्यायची नसते.
मिरचीची फुलं उन्हाने गळतात,
भेंड्या बियाण्याला सोडल्यात.
दुपारचे तीन. चप्पल घालून वर निघालोय.
ओव्याची चार पानं असतील तर असतील.
पुदिना तिच्याकडे आहे,
मीच दिलेला.