पाणी कुठे मुरतं

बाहेर ठेवायची खुर्ची हवी म्हणता, तर आधी सांगा
तुमच्या घरावर वारा कुठून येतो.
उत्तरेकडून? मग पाऊसही तिकडूनच, आणि आडवा.
चिलोएत नवीन दिसताय.

अ‍ॅल्युमिनियमचं नाव काढू नका.
पाद्रीबुवांनी आणला होता एक सेट,
काचेचं टेबल, चार खुर्च्या, फुलाफुलांच्या गाद्या.
ऑगस्टच्या वादळानंतर तीन सापडल्या मिल्यालोंकोंच्या बटाट्यात.
चौथी भरतीबरोबर गेली. ओहोटीला बुवा अजून
सहज फिरायला म्हणून किनाऱ्यावर जातात.

प्लास्टिक दोन उन्हाळे टिकतं.
तिसऱ्याला मेव्हण्यासकट खाली बसतं.
लोखंडाला इथली खारी हवा आतून खाते,
वरचा रंग शेवटपर्यंत शहाण्यासारखा तसाच.

सिप्रेस घ्या. कापलं की अख्ख्या शेडभर वास सुटतो,
बायको म्हणते जेवणालाही लागतो.
अलेर्से आता कुणाला तोडता येत नाही, बरंच झालं,
पण कुणी जुनं घर उतरवलं की मी दारात हजर,
भिंतीवरच्या फळ्या मागून आणतो.
शंभर वर्षं भिजलेल्या, वाजवल्या की खणखणीत.

फळ्यांमध्ये बोटभर फट सोडतो मी.
गिऱ्हाईक म्हणतं, खालून गार लागेल.
लागू दे, उशी घ्या.
खिळे तांब्याचे. पाय दगडावर टेकवा, मातीत नको.
फेब्रुवारीत सलग तीन दिवस कोरडे मिळाले
(एखाद्या वर्षी मिळतात) तर जवसाचं तेल,
जुन्या बनियनच्या फडक्यानं, रेषेरेषेनं.
आणि राखाडी पडली म्हणून घासत बसू नका.
माझ्याकडे बघा. मला कोण घासतंय?

एदुविना बार्रीआनं दोन नेल्या होत्या माझ्याकडून,
महागाचं नको म्हणाली म्हणून कोइग्वेच्या,
एकाच ओंडक्यातल्या. अकरा वर्षं झाली.
एक तिची. एक नोल्बेर्तोची,
जो पुंता आरेनासला गेला होता मेंढ्या कातरायला,
एका हंगामापुरता.

तिची अंगणात उघडी.
तिच्यावर पाऊस, कोंबड्या, शिंपल्यांच्या ओल्या टोपल्या,
लेकीचं पोर उभं राहायला शिकलं तेही तिलाच धरून.
त्याची मात्र तिनं ताडपत्रीत गुंडाळली,
वरून, खालून, नायलॉनची दोरी, होडीला मारतात ती गाठ.
दर रविवारी गाठ आवळायची.
आत बघायची नाही.
मला तेव्हाच वाटलं होतं कुठेतरी पाणी मुरतंय,
पण दुसऱ्याच्या अंगणात सुतारानं किती बोलावं?

गेल्या एप्रिलात निरोप आला: कातर घेऊन ये.
दोरी कापली. ताडपत्री वरून कोरडी ठणठणीत.
आतली खुर्ची हाताला लागली
दुधात बुडवून विसरलेल्या पावासारखी.
एक पाय माझ्या मुठीतच राहिला.

‘पाऊस तर लागलाच नाही ना हिला?’
नाही लागला, म्हटलं. वाराही नाही लागला.

ती काही बोलली नाही.
तुकडे चुलीत घालू का विचारलं,
तर म्हणाली, ओलं आहे, नुसता धूर होईल.
कुंपणापाशी टाकून आलो.
मग ती स्वतःच्या खुर्चीवर बसली, माते ओतला,
मी उभ्यानंच प्यालो.
‘दुसरी करू?’
तिनं बोंबिया घोळवली, बराच वेळ.
‘बाक कर,’ म्हणाली. ‘लांब.
कुणीही येऊन बसेल असा.’

तो तिकडे कोपऱ्यात आहे, पाठ बसवायची राहिलीय.
या वेळी सिप्रेस. फरकाचे पैसे मी मागणार नाही,
हे कुठे बोलू नका.

तर तुमचं काम त्यानंतर.
अर्धे पैसे आगाऊ.
आणि जरा इकडे या, पाय सरळ ठेवा,
गुडघ्यापर्यंतचं माप घेतो.