जास्तीची खुर्ची

बुडापेस्टच्या बाहेर, द्राक्षमळे संपतात तिथे
दोन विमानं मावतील एवढ्या शेडमध्ये
त्यांनी एक स्वयंपाकघर उभं केलंय.
चुलीतला धूर नळीतून येतो.
खिडकीबाहेर हिरवा पडदा.
डोंगर नंतर येणार आहे, व्हँकुव्हरहून.

माझं काम नव्याला जुनं करायचं.
सुताराकडून वस्तू येते, कोवळी, भुशाच्या वासाची,
मी सँडपेपर, चहाचं पाणी, मेण, काजळी
आणि सायकलची जुनी साखळी घेऊन
दोन दिवसांत तिला सत्तरीला पोचवते.

गोष्ट तीच, इकडच्या पोरासोरांना पाठ असलेली:
उत्तरवारा वर्षातून एकदा जेवायला येतो,
म्हणून त्या घरात माणसं पाच
आणि खुर्च्या सहा.

आता वाऱ्याला दात आहेत. सैन्य आहे.
दुःखी बालपण आहे, दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं.
अठरा कोटी डॉलर, असं कँटीनवाला बोर्बाला सांगते,
सूप वाढता वाढता, जणू तिच्याच खिशातले गेले.

कला-दिग्दर्शक म्हणाला,
"सहावी खुर्ची अशी झिजव
की बघताक्षणी कळावं, इथे कुणीतरी बसायचं."

अहो, पण कुणी बसलंच नाही ना.
न बसलेली खुर्ची बसून झिजत नाही.
ती झिजते पाठीच्या वरच्या कडेला, डावीकडे,
चुलीकडून टेबलाकडे जाताना
बाईचा हात जिथे सहज टेकतो.
तेवढीच जागा मी घासली.
तो म्हणाला, वा. का ते त्याने विचारलं नाही.

मिश्कोल्त्सला, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत,
तिसऱ्या मजल्यावर आई ही गोष्ट सांगायची.
तिचा वारा गुपचूप यायचा,
खाली मान घालून जेवायचा,
दोनदा मागून घ्यायचा,
आणि जाताना बूट विसरायचा.
"बेचाळीस नंबरचे," आई म्हणायची,
दर वेळी, न चुकता.

सव्विसाव्या वर्षी मला कळलं
की दुसऱ्या कुणाच्याच घरी
वारा बेचाळीस नंबरचे बूट घालत नाही.
लोरिंत्समामा छप्पन्नच्या नोव्हेंबरात
दलदलीतून ऑस्ट्रियाकडे गेला, एकोणीस वर्षांचा.
पत्र नाही. निरोप नाही.
आणि त्याचं नाव ओठावर आणायचं नाही
अशी घरातल्यांना ताकीद.
तेरा वर्षांच्या मुलीने मग काय करावं?
तिने वाऱ्याला जेवायला बोलावलं.

खुर्च्या चार केल्या, हुबेहूब.
एक नटांसाठी, एक स्टंटवाल्यांसाठी,
एक हलक्या लाकडाची, फुटायला,
एक असू द्यावी म्हणून.
एकीच्या बैठकीखाली मी खिळ्याने कोरलं: ४२.
मग दुपारी रंगाऱ्यांनी त्या वाळत घातल्या,
संध्याकाळी कुणीतरी उचलून नेल्या,
आणि माझीच मला ओळखू येईना.

आईला घेऊन गेले पहिल्या आठवड्यात.
एक्याऐंशी वर्षांची, नाकावर तो काळा चष्मा,
मांडीवर पॉपकॉर्नचा डबा, न उघडलेल्या पत्रासारखा धरलेला.
वारा आला. छप्पर उडालं.
ताटं, चुली, कोंबड्या, सगळं आमच्या अंगावर,
आणि सहावी खुर्ची हवेत
गरगरत गेली, फुटली, ढलप्या
आमच्या डोळ्यांपर्यंत येऊन विरल्या.
पुढच्या रांगेतली पोरं ओरडली.
मी मान वाकडी करून बैठकीखाली बघत होते,
कॅमेरा वरून होता.

आई माझ्या कानाशी आली.
"त्याला वाढलं का गं कुणी?"

मी म्हटलं, पुढे असेल.

पुढे नव्हतं. पुढे लढाई होती,
मग पहाट, मग पाच जणांची मिठी.
नावं वर सरकू लागली, माझंही,
ड्रायव्हरांच्या जरा आधी, बारीक अक्षरात.
"आई, बघ," म्हटलं.
ती खाली वाकली होती,
अंधारात पायाने चाचपत,
मघाशी काढून ठेवलेले
आपले बूट शोधत.