आपोआप

अंकलीच्या नाक्यावर कुतुबुद्दीननं
काचेवर तीन स्विच मांडले.
"नावेच्या पोटातलं पाणी ह्येच बघत्यात.
तू झोप बिनघोर."

पहिला फ्लोटचा. पाणी चढलं की पंख उचलतो,
पंप सुरू. उतरलं की बंद.
पण आमच्या कृष्णेत नुसतं पाणी कुठं असतं?
उसाचं पाचट, जलपर्णीची मुळं,
उतारूंनी टाकलेली शेंगांची टरफलं.
एक काडी पंखाखाली अडकली
की पंप रात्रभर कोरडाच घरघरणार
आणि पहाटे बॅटरी मेलेली.

दुसऱ्याला पंखच नाही. दोन पितळी ठिपके,
पाणी शिवलं की त्याला कळतं म्हणे.
"आणि डिझेलचा तवंग बसला तर?"
कुतुबुद्दीन चहा मागवतो.

तिसरा महाग. जाळीच्या पिंजऱ्यात फ्लोट,
बाहेर एक कळ, रोज सकाळी फिरवून बघायला.
मी तो उलटासुलटा करतो.
"ह्यो बिघडला तर कसा बिघडतो?
चालू ऱ्हाऊन, का बंद ऱ्हाऊन?"
"असलं कोण इचारतंय मर्दा!
वर्षाची गॅरंटी हाय की."

मी विचारतो. कारण आमच्यात हे काम
आधी आप्पा करायचे.
जुगूळच्या धक्क्याला नाव बांधून
फळीवर पालथे निजायचे,
उजवा हात खाली, तळात सोडून.
बोटाला पाणी लागलं की जाग.
डालड्याच्या डब्यानं उपसायचं, परत हात खाली.
सव्वीस वर्षं. फ्यूज नाही, वायर नाही.

मग एका श्रावणात त्या हाताला गळू झालं.
यमनव्वानं हळदीचं पोटीस बांधलं,
आप्पा कुशीवर वळून निजले.
एवढंच.

नाव धक्क्यालाच बसली, दोर ताणून.
आप्पा छातीएवढ्या पाण्यात उभे,
दुखरा हात डोक्यावर धरून,
आणि पहिल्या फेरीचे उतारू
खिद्रापूरच्या काठावरनं "ए अंबी!"
आणि आमच्या काठावरनं "अंबिगा, बा!"

मी दोन घेतले.
तिसरा तळाशी. त्याच्या वर वीतभर पहिला,
वेगळ्या वायरीवर, घंटी लावून.
"एका नावंला दोन?"
"एक मेला ह्ये सांगाय कोण पायजे की."
जोड सगळे पाण्याच्या वर, ग्रीस माखून.
वायर थेट बॅटरीवरनं,
म्हणजे चावी काढली तरी पंप जागा.

आता नाव धक्क्याला आणि मी घरात.
रात्री दीडच्या सुमाराला पंप लागतो.
अंधारात मी आकडे मोजतो.
परवा नऊला थांबला.
काल अकराला.
आज तेरा.

कुठली फळी उकलतेय, हे स्विच सांगत नाही.
सकाळी डांबर आणि काथ्या बघायला हवा.
बाजेवरनं हात खाली सुटलाय माझा.
जमीन कोरडी.
तरी बोटं एकदा फिरवून बघतो.